टॉम अँड जेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालिकेच्या इतिहासाबद्दल वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, पुढे अपवाद आणि वादाचे मुद्दे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखाद्या गोष्टीचा खुलासा दुसरीकडे असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टॉम अँड जेरी सुरू कधी झालं आणि केलं कोणी?

पहिला भाग 'पस गेट्स द बूट' १० फेब्रुवारी १९४० रोजी अमेरिकेतल्या थिएटरांत लागला. तो विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटी इथे, एमजीएम कंपनीच्या कार्टून विभागात केला. दोघांचं नाव मात्र त्या भागावर नाही. श्रेय गेलं रुडॉल्फ आयझिंग या वरिष्ठांकडे.

मांजर-उंदराच्या पाठलागात तेव्हाही नवं काही नव्हतं आणि विभागातल्या अनेकांनी तसं बोलूनही दाखवलं होतं. या भागात नवी होती ती अट. घरातली बाई मांजराला बजावते की आणखी एक वस्तू फुटली तर तुला घराबाहेर काढीन. उंदीर हे ऐकतो आणि हातात काचेचा पेला घेऊन उभा राहतो. त्या क्षणी ताकदीचा हिशेब उलटतो. पुढच्या अठरा वर्षांतल्या बहुतेक भागांचं इंजिन हेच आहे: टॉम मोठा आहे, पण गमावण्यासारखं जे काही आहे ते त्याच्याकडेच आहे.

२. हे डिस्नेचं आहे ना?

नाही. डिस्नेचा या मालिकेशी कधीही संबंध नव्हता. सुरुवातीला एमजीएम, नंतर टर्नर आणि आता वॉर्नर ब्रदर्स अशी मालकी बदलत गेली (प्रश्न १८ पाहा).

३. टॉम आणि जेरी ही नावं कुठून आली? पहिल्या भागात वेगळी नावं आहेत असं ऐकलं.

बरोबर ऐकलंत. पहिल्या भागात मांजराचं नाव जॅस्पर आहे आणि उंदराला पडद्यावर नावच नाही. हा भाग एकदाच करायचा ठरला होता. पण लोकांना तो आवडला, टेक्सासमधल्या एका थिएटर-साखळीतल्या बेसा शॉर्ट यांनी असे आणखी भाग येणार का, अशी विचारणा करणारं पत्र पाठवलं आणि त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं. मग जोडी पुढे चालवायचं ठरलं. नावासाठी स्टुडिओतच चिठ्ठ्या मागवल्या गेल्या. जॉन कार या ॲनिमेटरने सुचवलेली जोडी निवडली गेली आणि त्याला ५० डॉलर मिळाले. १९४१ च्या 'द मिडनाइट स्नॅक'पासून ही नावं रूढ झाली.

शब्दांची ही जोडगोळी इंग्रजीत आधीपासूनच होती. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या गंमतगोष्टींत ती होती आणि त्याच नावाचं एक पेयही होतं. ब्रिटिश आणि जर्मन सैनिकांच्या टोपणनावांवरून ही नावं ठेवली, ही गोष्ट फार फिरते, पण तिला आधार नाही.

४. यूट्यूबवर 'टॉम अँड जेरी १९३१' नावाचं काळंपांढरं कार्टून दिसलं. त्यात दोन माणसं आहेत. हे काय आहे?

ते वेगळं कार्टून आहे. न्यूयॉर्कच्या व्हॅन ब्यूरेन स्टुडिओने १९३१ ते १९३३ दरम्यान एक उंच आणि एक बुटका अशा दोन माणसांची मालिका काढली होती, तिचंही नाव हेच. मांजर-उंदीर प्रसिद्ध झाल्यावर गोंधळ नको म्हणून जुन्या मालिकेचं नाव 'डिक अँड लॅरी' करण्यात आलं. गंमत अशी की जोसेफ बार्बेराने उमेदवारीच्या काळात व्हॅन ब्यूरेनमध्येच काम केलं होतं.

५. मूळ भाग एकूण किती? कुठे ११४ लिहितात, कुठे १६१.

दोन्ही आकडे बरोबर आहेत, मोजायचं काय यावर ते अवलंबून आहे. हॅना-बार्बेरांनी १९४० ते १९५८ या काळासाठी केलेले ११४. जीन डाइचने प्रागमध्ये केलेले १३ (१९६१-६२). चक जोन्सच्या चमूने केलेले ३४ (१९६३-६७). थिएटरसाठी केलेल्या या सगळ्यांची बेरीज १६१ होते. काही याद्यांत २००५ चा 'द कराटे गार्ड' हा लघुपट धरतात, म्हणून १६२ ही दिसतो. टीव्हीसाठी केलेल्या मालिका या हिशेबात येत नाहीत (प्रश्न १९).

६. प्रत्येक भाग सहा-सात मिनिटांचाच का?

कारण हे टीव्हीसाठी केलेलेच नव्हते. तेव्हाच्या अमेरिकेत मुख्य चित्रपटाआधी बातमीपट, एखादा लघुपट आणि एक कार्टून असा कार्यक्रम असे आणि कार्टूनच्या वाट्याला एवढाच वेळ येई. ३५ मिमी फिल्मवर एका मिनिटाला ९० फूट लागतात, म्हणजे सात मिनिटांचा भाग ६३० फुटांचा. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १०,०८० फ्रेम होतात.

प्रत्येक फ्रेमसाठी नवं चित्र लागत नाही. साध्या हालचालीला एक चित्र दोन फ्रेम धरलं जाई. धावपळीत किंवा आपटण्याच्या क्षणी मात्र प्रत्येक फ्रेमला वेगळं. टॉमचं डोकं इस्त्रीच्या फळीवर आदळतं तो प्रसंग थांबवत थांबवत पाहा. आदळण्याच्या आधीच्या एक-दोन फ्रेममध्ये तो ताणलेला असतो, आदळल्यावर चपटा होतो आणि मग काही फ्रेम तसाच धरून ठेवलेला असतो. हसू येतं ते त्या धरून ठेवण्यामुळे.

७. हॅना आणि बार्बेरा यांच्यात कोण काय करायचं? एक भाग बनायचा तरी कसा?

बार्बेरा चित्रकलेत तरबेज आणि विनोद सुचण्यात पटाईत. गोष्ट, गमती आणि पात्रांच्या मुद्रा यांची कच्ची चित्रं तो काढायचा. हॅनाचं बलस्थान वेळ. कुठली हालचाल किती फ्रेमची, कुठे थांबायचं, कुठे झटका द्यायचा हे तो ठरवायचा. त्याला संगीताची जाण होती आणि तो ठोक्यांत मोजायचा. सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबात १२ फ्रेमचा ठोका म्हणजे मिनिटाला १२० ठोके. पाठलाग ८ फ्रेमच्या ठोक्यावर आणला की वेग मिनिटाला १८० ठोक्यांवर जातो.

पुढचा प्रवास असा. केन म्यूज, आयर्व्ह स्पेन्स, एड बार्ज, रे पॅटरसन यांच्यासारखे ॲनिमेटर मुख्य मुद्रा काढत. मधली चित्रं सहायक भरत. पेन्सिलीची चित्रं फिल्मवर घेऊन तपासली जात आणि चुकलेली पुन्हा काढली जात. मग प्रत्येक चित्र सेलवर, म्हणजे सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावावर, उतरायचं: पुढच्या बाजूने शाईची रेघ, मागच्या बाजूने रंग. पार्श्वभूमी वेगळी रंगवलेली असे. बॉब जेंटलच्या स्वच्छ, उबदार खोल्या पाहिल्या की मालिकेतलं ते घर लगेच ओळखू येतं.

हमखास घोळ व्हायचा तो सेलच्या थरांत. सेल पूर्ण पारदर्शक नसतो. प्रत्येक थर खालचा रंग थोडा मंद आणि पिवळसर करतो. वरच्या थरावरचा टॉम आणि तिसऱ्या थराखाली गेलेला टॉम एकाच डब्यातल्या करड्या रंगाने रंगवला, तर पडद्यावर तो मधेच काळवंडलेला दिसतो. म्हणून खालच्या थरासाठी तोच रंग जरा उजळ कालवून ठेवत. शिवाय एखादं पात्र बाहेर गेलं तरी त्याच्या जागी कोरा सेल ठेवत, म्हणजे थरांची संख्या बदलत नाही आणि रंग उडी मारत नाही.

शेवटी चित्रीकरण. टेक्निकलर या रंगीत फिल्मच्या पद्धतीत कार्टूनची प्रत्येक फ्रेम एकाच पट्टीवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून तीनदा टिपली जाई. म्हणजे वरच्या १०,०८० फ्रेमसाठी तीस हजारांवर छायांकनं. त्या रंगांची खोली अजून टिकून आहे ती या खटाटोपामुळे.

८. संगीत इतकं नेमकं कसं बसतं? आधी संगीत की आधी चित्र?

आधी वेळेचा तक्ता. हॅनाने ठरवलेल्या ठोक्यांचा तक्ता संगीतकार स्कॉट ब्रॅडलीकडे जाई आणि तो त्यावर सूर लिही. टॉम जिना चढतोय, घसरतोय, थबकतोय, सगळ्याची नोंद संगीताच्या ओळीवर. वाद्यवृंद ठरलेल्या ठोक्यावर वाजवायचा, त्यामुळे तवा डोक्यात बसण्याची फ्रेम आणि झांजेची फ्रेम एकच येई. ज्या भागात पात्रं गातात किंवा पियानो वाजवतात, तिथे उलटा क्रम. आधी ध्वनिमुद्रण, मग त्यावर चित्रं.

ब्रॅडली हा नुसता 'धावपळीचं संगीत' देणारा नव्हता. एमजीएमच्या संगीतिकांतली लोकप्रिय गाणी त्याला वापरायला मोकळी होती, ती तो सढळ हाताने पेरायचा. आणि १९४४ च्या 'पुटिन ऑन द डॉग'मध्ये त्याने चक्क आधुनिक पाश्चात्त्य संगीतकार शोनबर्गची बारा सुरांची पद्धत वापरली. मैफलीतल्या रसिकांना जी रचना कर्कश वाटायची, ती इथे मुलं हसत हसत ऐकत होती. या मालिकेचा खरा तिसरा नायक ब्रॅडलीच, असं म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. शंका असेल तर आवाज बंद करून एक भाग पाहा.

९. टॉमची ती प्रसिद्ध किंकाळी कोणाची?

विल्यम हॅनाची स्वतःची. ध्वनिमुद्रणाची सुरुवात आणि शेवट कापून मधला कडक भागच ठेवत, म्हणून ती एकदम फुटते आणि एकदम तुटते. पुढच्या कित्येक निर्मितींत तीच पुन्हा वापरली गेली.

१०. सुरुवातीला कायम दिसणारे फ्रेड क्विम्बी कोण? त्यांनी नेमकं काय केलं?

एमजीएमच्या कार्टून विभागाचे ते व्यवस्थापक-निर्माते. चित्र काढणं, गोष्ट लिहिणं यात त्यांचा सहभाग नव्हता. पैसा, वेळापत्रक आणि वरच्या साहेबांशी बोलणं हे त्यांचं काम. ऑस्करच्या मंचावर जाऊन बाहुली घेणंही त्यांच्याकडेच होतं, कारण लघुपटाचा पुरस्कार निर्मात्याच्या नावाने दिला जाई. हॅना-बार्बेरांना हे सलत राहिलं यात नवल नाही. क्विम्बी १९५५ मध्ये निवृत्त झाले आणि त्यानंतरच्या भागांवर निर्माते म्हणून हॅना-बार्बेरांचीच नावं येतात.

११. ऑस्कर किती मिळाले आणि कोणत्या भागांना?

सात ऑस्कर, तेरा नामांकनं. विजेते भाग, पुरस्कारवर्षानुसार: 'द यँकी डूडल माउस' (१९४३), 'माउस ट्रबल' (१९४४), 'क्वायट प्लीज!' (१९४५), 'द कॅट कॉन्चेर्टो' (१९४६), 'द लिटल ऑर्फन' (१९४८), 'द टू माउस्केटीअर्स' (१९५१) आणि 'योहान माउस' (१९५२). पहिले चार सलग.

काही याद्यांत वर्षं एकाने पुढेमागे दिसतात. एखादा भाग पुरस्कारासाठी आधी दाखवला जाई आणि सर्वत्र नंतर लागे, म्हणून हा फरक. 'द कॅट कॉन्चेर्टो' हे ठळक उदाहरण: पुरस्कार १९४६ सालचा, प्रदर्शन एप्रिल १९४७ मध्ये.

१२. 'कॅट कॉन्चेर्टो' चोरलेला आहे, हे खरं का?

वाद खरा आहे, निकाल कधीच लागला नाही. तेव्हा प्रतिस्पर्धी असलेल्या वॉर्नर स्टुडिओच्या फ्रिझ फ्रेलेंगने जवळपास त्याच वेळी 'ऱ्हॅप्सडी रॅबिट' केला. त्यातही मैफलीत पियानो वाजवणारा प्राणी (बग्ज बनी हा ससा), तीच संगीतकार लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक २, आणि पियानोतून त्रास देणारा उंदीर. दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर नक्कल केल्याचा आरोप केला. टेक्निकलरच्या प्रयोगशाळेतून एकाचं काम चुकून दुसऱ्याकडे गेलं अशी एक कथा सांगितली जाते, पण ती सिद्ध झालेली नाही. मांजर आणि उंदराला अख्खी रचना दोन पात्रांच्या भांडणात गुंफायची होती, बग्जला निरनिराळ्या गमती करायच्या होत्या. दोन्ही एकामागोमाग पाहिले की हा फरक लगेच जाणवतो.

१३. जुन्या भागांत टॉम वेगळाच का दिसतो?

१९४० चा टॉम खऱ्या मांजराच्या जवळचा आहे: अंगावर झुबकेदार केस, चेहऱ्यावर सुरकुत्या, बऱ्याचदा चार पायांवर चालणारा. इतके बारकावे दर चित्रात काढणं वेळखाऊ, आणि वेग वाढवला की ते थरथरतात. म्हणून चाळिशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत केस कमी झाले, भुवया जाड झाल्या आणि तो दोन पायांवर उभा राहिला. त्याच इमारतीत टेक्स एव्हरी आपली भन्नाट वेगाची कार्टूनं करत होता, त्याचीही चढाओढ होतीच. जेरी फार बदलला नाही. पन्नाशीच्या दशकात खर्च आवरताना रेघा जाड आणि पार्श्वभूमी सपाट झाली.

१४. फक्त पाय दिसणारी ती बाई कोण? तिचा आवाज काही भागांत वेगळा का आहे?

घरकाम करणारी ती कृष्णवर्णीय बाई 'मॅमी टू शूज' नावाने ओळखली जाते. मूळ आवाज लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीचा. तिचं चित्रण तेव्हाच्या अमेरिकन करमणुकीतल्या साचेबद्ध, वर्णद्वेषी कल्पनेतून आलेलं होतं आणि त्यावर त्याही काळात आक्षेप घेतले गेले. १९५२ च्या 'पुश-बटन किटी'नंतर ती दिसत नाही.

साठीच्या दशकात हे भाग अमेरिकन टीव्हीवर आले तेव्हा चक जोन्सच्या चमूने काही भागांत तिच्या जागी बारीक गोऱ्या बाईचे पाय काढून घातले आणि जून फोरेने आवाज दिला. नव्वदीच्या दशकात मूळ चित्रं ठेवून थिया विडाल यांच्या आवाजात संवाद पुन्हा मुद्रित झाले. त्यामुळे एकाच भागाच्या तीन आवृत्त्या फिरत असतात. तुमच्या लहानपणचा आवाज आणि आजचा आवाज जुळत नसेल, तर कारण बहुधा हेच.

१५. १९५७ मध्ये इतकी यशस्वी मालिका बंद का केली?

हिशेबामुळे. जुना भाग पुन्हा थिएटरला दिला तरी नव्या भागाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास कमाई होते, असं कंपनीच्या लक्षात आलं. मग नवा करायचाच कशाला? टीव्हीमुळे थिएटरचा प्रेक्षक घटत होताच. विभाग १९५७ मध्ये बंद झाला. तयार असलेले भाग पुढे वर्षभर लागत राहिले, शेवटचा 'टॉट वॉचर्स' ऑगस्ट १९५८ मध्ये.

हॅना-बार्बेरांनी १९५७ मध्येच स्वतःची कंपनी काढली आणि कमी चित्रांत भागवायची पद्धत टीव्हीसाठी बसवली. 'द फ्लिंटस्टोन्स' आणि 'स्कूबी-डू' त्याच कंपनीचे.

१६. काही भाग एकदम विचित्र वाटतात, आवाज घुमतो, हालचाल तुटक. ते कोणाचे? आणि भाग पाहून काळ कसा ओळखायचा?

घुमणारे भाग जीन डाइचचे. एमजीएमला पुन्हा नवे भाग हवे झाले तेव्हा काम प्रागमधल्या चमूला दिलं गेलं. एका भागाला सुमारे १०,००० डॉलर इतकंच बजेट. चेक ॲनिमेटरांनी मूळ मालिका पाहिलेलीच नव्हती आणि डाइचनेही मोजकेच भाग पाहिले होते. टॉड डॉकस्टेडरचे इलेक्ट्रॉनिक घुमारे आणि चेक संगीतकारांचे सूर ब्रॅडलीच्या परंपरेपासून फार दूर. या भागांना शिव्या घालायची फॅशनच आहे, पण एवढ्या पैशांत आणि पोलादी पडद्याआड बसून अनोळखी मालिका उभी करणं हे काम अवघड होतं, हे लक्षात घ्यायला हवं.

ओळखण्यासाठी या क्रमाने पाहा.

आधी सिंह. एमजीएमचा सिंह डरकाळी फोडता फोडता त्याच्या जागी टॉम येऊन म्यांव करत असेल, तर भाग चक जोन्सचा. पुढे तपासायची गरज नाही.

सिंह नेहमीचा असेल तर नामावली. क्विम्बींचं नाव असेल तर १९५५ पर्यंतचा किंवा त्या सुमाराचा, निर्माते म्हणून हॅना-बार्बेरा असतील तर त्यानंतरचा, डाइच असेल तर १९६१-६२ चा.

नामावली कापलेली असेल तर चेहरा. झुबकेदार केसांचा, चार पायांवरचा टॉम म्हणजे १९४०-४२. गुळगुळीत आणि गोलसर म्हणजे चाळिशीचा उत्तरार्ध. जाड रेघ आणि सपाट पार्श्वभूमी म्हणजे पन्नाशी. भयपटांतला नट बोरिस कार्लॉफ याच्यासारख्या दाट भुवयांचा टॉम, आणि मोठ्या डोळ्यांचा, मोठ्या कानांचा गोंडस जेरी म्हणजे जोन्स. टक्कल पडलेला, रागाने लालबुंद होणारा लठ्ठ मालक दिसला की डाइच.

घोटाळा होतो तो पुन:प्रदर्शनाच्या प्रतींमध्ये. चाळिशीतले भाग पन्नाशीत पुन्हा लावताना सुरुवातीची पाटी नवी बसवली जाई, त्यामुळे पाटीवरून काढलेलं साल चुकू शकतं. अशा वेळी पाटी सोडा आणि टॉमचा चेहरा पाहा.

१७. शेवटच्या भागात टॉम आणि जेरी रेल्वे रुळावर आत्महत्या करतात, हे खरं का?

असा भाग आहे, पण तो शेवटचा नाही. १९५६ च्या 'ब्लू कॅट ब्लूज'मध्ये टॉम एका पांढऱ्या मांजरीच्या प्रेमात पडतो, पैशाने गब्बर असलेला बुच नावाचा बोका तिला पटकावतो, टॉम कर्जात बुडतो. गोष्ट जेरीच्या मनातल्या आवाजात सांगितली आहे, तो आवाज पॉल फ्रीसचा. शेवटी जेरीलाही आपल्या मैत्रिणीने दुसऱ्याशी लग्न केल्याचं कळतं, दोघं रुळावर बसतात आणि गाडीची शिट्टी ऐकू येते.

यानंतर हॅना-बार्बेरांचे आणखी दहाएक भाग लागले आणि त्यात दोघं ठणठणीत आहेत. टॉम 'मरतो' असे इतरही भाग आहेत: 'माउस ट्रबल'मध्ये स्फोटानंतर ढगावरून वर जातो, 'द टू माउस्केटीअर्स'मध्ये गिलोटिनखाली जातो. पुढच्या भागात सगळं पहिल्यासारखं. भागांमध्ये एकसंध कथा नाहीच, त्यामुळे 'शेवट' असाही काही नाही.

१८. एमजीएमचं कार्टून आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर कसं आलं?

टेड टर्नरने १९८६ मध्ये एमजीएम विकत घेतली. कर्जाच्या ओझ्यामुळे स्टुडिओ लगेच परत विकला, पण जुन्या चित्रपटांचा आणि कार्टूनांचा संग्रह स्वतःकडे ठेवला. हा संग्रह हाताशी होता म्हणूनच १९९२ मध्ये कार्टून नेटवर्क सुरू करणं परवडलं. भारतात ही वाहिनी १९९५ मध्ये आली. दिवसा कार्टून आणि रात्री त्याच वाहिनीवर टीएनटी या टर्नरच्याच वाहिनीचे जुने हॉलिवूड चित्रपट, हे आठवत असेल तर ती दोन्ही एकाच गोदामातली होती. संवाद जवळपास नसल्याने मराठी घरात हे पाहायला इंग्रजीची अडचण आली नाही.

१९९६ मध्ये टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली आणि मालकी वॉर्नरकडे गेली.

१९. दोघं मित्र आहेत आणि जेरीच्या गळ्यात लाल बो आहे, असे भाग पाहिल्याचं आठवतं. भास आहे का?

भास नाही. १९७५ मध्ये हॅना-बार्बेरांच्या स्वतःच्या कंपनीने टीव्हीसाठी ४८ भाग केले. मुलांच्या कार्यक्रमांतल्या हिंसेवर तेव्हा अमेरिकन वाहिन्यांचे कडक नियम होते. मारामारी काढली आणि दोघांना मित्र करून गावोगाव फिरवलं. पाठलागच काढल्यावर उरणार काय? १९८० मध्ये फिल्मेशन कंपनीने पाठलाग परत आणला, पण काटकसरीच्या ॲनिमेशनमध्ये तो रंगला नाही. १९९० च्या 'टॉम अँड जेरी किड्स'मध्ये दोघं लहान आहेत. नंतरच्या मालिकांपैकी २००६ ची 'टॉम अँड जेरी टेल्स' जुन्या घडणीच्या बरीच जवळ जाते.

२०. टॉम आणि जेरी कधी बोलतात का?

बोलतात, पण क्वचित. १९४३ च्या 'द लोनसम माउस'मध्ये दोघांचं बोलणं आहे. 'द मिलियन डॉलर कॅट'मध्ये टॉम शेवटी एक वाक्य बोलतो (प्रश्न २१). 'सॉलिड सेरेनेड'मध्ये तो गातो, तो आवाज आयरा 'बक' वुड्सचा. १९९२ च्या चित्रपटात मात्र दोघांना भरभरून बोलायला लावलं, आणि बहुतेक चाहत्यांना ते पटलं नाही.

२१. टॉम कधी जिंकतो का?

हो. 'द मिलियन डॉलर कॅट'मध्ये (१९४४) त्याला दहा लाख डॉलरचा वारसा मिळतो, अट एकच: कोणत्याही प्राण्याला, अगदी उंदरालाही, इजा करायची नाही. जेरी त्याचा पुरेपूर फायदा उठवतो. शेवटी टॉम वारशावर पाणी सोडतो, पैसे गेले तरी मी खूश आहे असं जाहीर करतो आणि जेरीला बदडतो. चक जोन्सच्या 'द इयर ऑफ द माउस'मध्येही (१९६५) छळणारे दोन्ही उंदीर त्याच्या तावडीत सापडतात. दोन्हीकडे टॉम जिंकतो, कारण त्याआधी उंदरांनी मर्यादा ओलांडलेली असते. नियम तसा साधा आहे: जो आधी कुरापत काढतो तो हरतो. टॉम सारखा हरतो, कारण कुरापत बहुतेक वेळा तोच काढतो.

२२. टीव्हीवर चित्र कापलेलं किंवा ताणलेलं दिसतं. आणि लहानपणी संगीत थोडं वरच्या पट्टीत होतं का?

बहुतेक भाग जवळपास चौकोनी, १.३७ ते १ या प्रमाणाचे आहेत. आजच्या रुंद टीव्हीवर ते पडदाभर दाखवले की डोकं आणि पाय कापले जातात किंवा टॉम आडवा सुजतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचं प्रमाण ४:३ किंवा 'मूळ' ठेवा. बाजूला काळ्या पट्ट्या येतील, त्या योग्यच आहेत.

१९५४ च्या 'पेट पीव्ह'पासून सिनेमास्कोप आला. तिथे उलटी अडचण आहे. चित्र खूप रुंद असल्याने जुन्या टीव्हीसाठी कडा छाटल्या गेल्या. संवाद एका टोकाला आणि त्यावर प्रतिक्रिया दुसऱ्या टोकाला अशा प्रसंगात अर्धा विनोद छाटणीत जातो. अशा भागाला वर-खाली पट्ट्या असलेली प्रत शोधा.

संगीताबद्दलचा तुमचा कान बरोबर आहे. भारतातलं पाल (PAL) पद्धतीचं टीव्ही प्रक्षेपण सेकंदाला २५ फ्रेमचं. २४ ची फिल्म त्यावर दाखवली की ती चार टक्के जलद धावते: सात मिनिटांचा भाग ६ मिनिटं ४३ सेकंदांत संपतो आणि स्वर पाऊण अर्धस्वराच्या आसपास वर चढतो. आजच्या डिजिटल प्रती मूळ वेगाच्या असतात, म्हणून त्या जरा संथ आणि जाड वाटतात.

२३. काही भाग बरीच वर्षं सीडी-डीव्हीडीत का नव्हते, आणि काहींची प्रत इतकी खराब का?

दोन वेगळी कारणं आहेत. 'माउस क्लीनिंग' (१९४८) आणि 'कॅसानोवा कॅट' (१९५१) वर्णद्वेषी विनोदामुळे संग्रहांतून वगळले गेले. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या ब्लू-रे संग्रहाच्या दुसऱ्या खंडात हे दोन नव्हते, त्यावर संग्राहकांनी गदारोळ केला आणि तो खंडच रद्द झाला. २०१४ मध्ये काही डिजिटल विक्रेत्यांनी भागांसोबत वर्णद्वेषाबद्दलची सूचना लावली. कापण्यापेक्षा सूचना देऊन अखंड दाखवणं अधिक प्रामाणिक, असं या मालिकेचे बहुतेक अभ्यासक मानतात.

प्रत खराब असण्याचं कारण आग. १९५१ च्या आसपासपर्यंतच्या अनेक एमजीएम कार्टूनांच्या मूळ नायट्रेट निगेटिव्ह रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये होत्या आणि मे १९७८ मधल्या आगीत त्या जळाल्या. नायट्रेट फिल्म पेटली की पाण्यानेही विझत नाही, कारण जळण्यासाठी लागणारा प्राणवायू ती स्वतःच सोडते. आज दिसतात ते भाग पुढच्या पिढीच्या प्रतींवरून स्वच्छ केलेले आहेत, म्हणून काहींमध्ये दाणेदारपणा किंवा फिकट रंग राहतो. प्रत निवडताना एकाच भागाच्या दोन प्रती शेजारी ठेवून टॉमच्या पोटाचा पांढरा भाग पाहा. तो पिवळट किंवा निळसर दिसत असेल, तर रंगसंतुलन बिघडलेली प्रत आहे.